हजार लिटरमागे कोळसा

३ नोव्हेंबर २००३, सोमवार

आजपासून कामावर. काम पाच महिन्यांचं, एकतीस मार्चपर्यंत. जागा पोलोग्राउंडची, रघुवीर शेठची डेअरी, म्हणजे बाबा जिथे बॉयलर चालवतात तीच. रोज किती दूध आलं आणि त्यासाठी किती कोळसा, डिझेल, वीज गेली ते लिहायचं. त्यावरून भोपाळच्या एका संस्थेचे मानस साहेब हिशेब काढणार की आमच्या डेअरीतून किती गॅस हवेत जातो. या गॅसने पृथ्वी तापत चालली आहे, असं ते म्हणाले. शेठना पृथ्वीचं फारसं काही वाटत नाही. बाहेरची एक मोठी कंपनी आमचं दूध घ्यायला तयार आहे आणि तिला हा हिशेब हवा आहे.

साहेबांनी छापील रकान्यांची मोठी वही दिली. म्हणाले, "पुष्कर, मुझे होशियार आदमी नहीं चाहिए, सही आदमी चाहिए." त्या वहीत खाडाखोड चालत नाही. माझ्या डोक्यात खाडाखोड फार, म्हणून ही दुसरी वही छत्रीबागेतल्या दुकानातून आणली. ही कुणाला दाखवायची नाही.

बाबांबद्दल एकदा लिहून ठेवतो. ते सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट, बावीस वर्षं मिलमध्ये. मिल बंद झाली तेव्हा मी नववीत होतो. दहावी झाली, अकरावीचा फॉर्म भरला नाही. पाच वर्षं बाबांनी मिळेल ते केलं. मग मिलचं सामान विकायला निघालं, तेव्हा रंगखात्यातला छोटा बॉयलर शेठनी उचलला. तो इथे कुणालाच नीट चालवता येईना, म्हणून बाबांना बोलावलं. शेठ पाहुण्यांना सांगतात, "बॉयलर के साथ मारुतीजी फ्री में मिले." बाबा हसतात. मला ते हसणं आवडत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पद्धत ठरली. बाबा पाचला येतात, मी साडेसहाला. तोपर्यंत त्यांनी ढिगातला कोळसा ओढून भट्टीसमोर आणलेला असतो आणि त्यावर बादलीने पाणी मारलेलं असतं. आमच्या कोळशात निम्मी चुरीच असते. कोरडी टाकली तर जळायच्या आधीच चिमणीतून उडून जाते. ओली केली की बसते. मिलमध्येही असंच करायचे. मग मी हातगाडी भरून काट्यावर आणतो, तोलतो, वहीत लिहितो आणि बाबा फावड्याने भट्टीत टाकतात. कोळसा ओला असल्यामुळे धूळ उडत नाही आणि वहीचं पान स्वच्छ राहतं.

साहेबांनी पान पाहिलं, खूश झाले. रोज सकाळी मी वीस किलोच्या वजनाने काटा तपासतो. अजून एकदाही चुकलेला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज साहेबांनी श्रीरामच्या टेम्पोबरोबर हातोदकडे पाठवलं, डिझेल मोजायला. तेरा गावं, नऊशे लिटर दूध, अकरा लिटर डिझेल. प्रत्येक गावात श्रीराम कॅन चढवतो, मापतो, चिठ्ठी लिहितो आणि इंजिन तसंच चालू ठेवतो. मी म्हटलं, "एवढा वेळ बंद करत जा ना, भिया. साहेब म्हणतात, उभ्या गाडीचा धूर वाया जातो."

"बंद कर दूँ? सेल्फ खराब है इसका. धक्का तेरे साहेब देंगे?"

मी लिहिलं: उभ्या गाडीत इंजिन चालू, एकूण एक तास चाळीस मिनिटं. श्रीरामने डोकावून पाहिलं. "ये भी लिख दिया? तू तो भिया आदमी को खाँसने भी नहीं देगा."

मग एका गोठ्याजवळ म्हशीकडे बोट दाखवून म्हणाला, "इसकी डकार भी गिन ले." मी परत येऊन साहेबांना हे गमतीने सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, खरा मोठा गॅस तिथेच आहे, जनावर ढेकर देतं त्यात. टेम्पो आणि बॉयलर त्याच्यापुढे लहान. पण कंपनीने आपल्याला कंपाउंडच्या आतलं आणि टेम्पोचंच विचारलं आहे.

म्हणजे मोठं मोजायचं नाही आणि लहान मोजायचं. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट. एक किलो कोळसा जळला की पावणेदोन किलो गॅस निघतो, असं साहेबांच्या तक्त्यात आहे. मी दोनदा विचारलं की किलोतून पावणेदोन किलो कसं येणार. ते म्हणाले, जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो, त्याचं वजन वाढतं. घरी येताना सारखं तेच डोक्यात होतं. आपण टाकतो त्याहून जास्त वर जातं आणि दिसत काहीच नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा मला बॉयलर शिकवत आहेत. तोंडाने म्हणत नाहीत, पण माझ्या लक्षात आलं.

बॉयलरच्या पुढच्या बाजूला एक उभी काचेची नळी आहे. आत जेवढं पाणी, तेवढं तिच्यात दिसतं. पाणी काचेच्या खाली गेलं तर आतलं लोखंड उघडं पडून तापतं आणि बॉयलर फुटू शकतो. बाबा दर वीस मिनिटांनी विचारतात, "पुष्कर, काचेत किती?" मी सांगतो, "अर्ध्याच्या वर दोन बोटं." मग ते पंप चालू करतात किंवा बंद करतात. मी चुकीचं सांगतो का हे पाहत असणार. मी एकदाही चुकलो नाही.

मी काट्यावर असलो तर ते भिंतीपलीकडे कॅन धुणाऱ्या शशिकलाबाईंना बोलावून विचारतात. बाई आज मला म्हणाल्या, "तुम्हारे बाबूजी तो हमको भी बॉयलरवाली बना के छोड़ेंगे."

दुपारी मी मुद्दाम म्हटलं, "या वेळी तुम्हीच सांगा." बाबांनी कापडाला हात पुसले, बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "परीक्षा तुझी आहे की माझी?" शिकवणाऱ्याला उलट विचारू नये.

घरीसुद्धा हल्ली पेपर मी वाचून दाखवतो. त्यांना ऐकायला आवडतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज शेठ, मानस साहेब आणि कंपनीचा एक माणूस असे तिघे बसले. मी वही घेऊन उभा होतो. दीड महिन्याची सरासरी निघाली: दूध रोज बारा हजार लिटर, कोळसा सहाशे किलो. म्हणजे हजार लिटरमागे पन्नास.

कंपनीच्या माणसाने सांगितलं की पंचेचाळीसपर्यंत चालेल. मार्चअखेरपर्यंतची सरासरी पंचेचाळीसच्या वर राहिली तर हा बॉयलर काढून डिझेलवरचा नवा बसवावा लागेल, नाहीतर ते दूध घेणार नाहीत. नव्याला बटणं असतात, त्याला फावडं मारणारा माणूस लागत नाही.

शेठनी बाबांना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. बाबा दाराच्या चौकटीला हात लावून ऐकत होते. शेठ म्हणाले, "आप टेंशन मत लेना मारुतीजी. बॉयलर गया तो आपको गेट पे बिठा देंगे. कुर्सी पे बैठना, गाड़ी आई, गाड़ी गई. बुजुर्ग आदमी हो, कब तक आग के सामने खड़े रहोगे?"

बाबा म्हणाले, "जैसा आप ठीक समझो."

एवढंच. बावीस वर्षं मिलमध्ये काढलेला सर्टिफिकेटवाला माणूस आणि गेटवर खुर्ची! माझे कान तापले. आणि तो पन्नासचा आकडा माझ्याच अक्षरात आहे.

२८ डिसेंबर, रविवार

आईला मी सांगितलं होतं. आज पोहे देताना ती म्हणाली, "रोजचे पन्नास-साठ किलो कमी लिही ना. कोण बघतंय तिथे?"

मी म्हटलं, "मी बघतोय."

"बापाची नोकरी चालली आहे आणि हा म्हणे मी बघतोय."

बाबा अंगणात उन्हात बसले होते. तिथूनच म्हणाले, "त्याला काही सांगू नकोस. जे तोलतो ते लिहितो, बरोबर आहे त्याचं." मग थोड्या वेळाने, "गेट काही वाईट नाही. सावली आहे तिथे."

ते माझं मन राखायला असं बोलतात. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून वही घेऊन गच्चीवर गेलो. एक महिनाभर रोज काही किलो कमी लिहिलं तर किती होईल ते कागदावर मांडून पाहिलं. मांडलेला कागद फाडून टाकला. लिहायची हिंमत नाही. प्रामाणिकपणा आहे की भीती आहे, कळत नाही. बहुतेक भीतीच.

१३ जानेवारी २००४, मंगळवार

काहीतरी विचित्र झालं आहे.

काल बोअरची मोटर जळली. टँकरचं पाणी आलं ते बॉयलरला आणि कॅन धुवायलाच पुरलं. बाबांनी कोळशावर पाणी मारलं नाही. चुरी उडत होती, चिमणीचा धूर दाट होता, माझी वही काळी झाली. चुरी वाया गेली म्हणजे कोळसा जास्त लागायला हवा. दूध नेहमीइतकंच, बारा हजार शंभर.

कोळसा झाला पाचशे अडतीस किलो.

पहिल्यांदा वाटलं काटा बिघडला. वीस किलोचं वजन ठेवलं, वीसच दाखवतो. मग वाटलं मी एक गाडी लिहायला विसरलो. शशिकलाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मैं क्या तुम्हारी गाड़ी गिनती हूँ?" तीन वेळा बेरीज केली.

आज मोटर दुरुस्त झाली, बाबांनी पाणी मारलं आणि कोळसा सहाशे चार.

जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी बाबांच्या बरोबरच पाचला गेलो. पाणी मारायच्या आधी एक गाडी कोरडी तोलली: पन्नास. तीच गाडी उलटी केली, बाबांना नेहमीसारखं पाणी मारायला सांगितलं, पुन्हा भरून तोलली: सत्तावन्न.

सात किलो पाणी. अडीच महिने मी पाणी तोलत होतो आणि कोळसा लिहीत होतो.

सहाशेचा हिशेब केला. पाचशे सव्वीस येतो. हजार लिटरमागे चव्वेचाळीस.

मी बाबांना विचारलं, "तुम्हांला माहीत होतं?"

ते भट्टीचं दार उघडून आत पाहत होते. "मिलमध्ये आम्ही तोलूनच मग भिजवायचो," म्हणाले.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"बाबा, माझ्या आकड्याने तुमचा बॉयलर जात होता."

"दार लाव ते," म्हणाले. "आग थंड होते."

माझी नामुष्की होऊ नये म्हणून ते गप्प राहिले असणार. दुसरं काही कारण मला सुचत नाही. साहेबांनी चुकीबद्दल हाकललं तरी चालेल, पण हे दुरुस्त करायचं.

१७ जानेवारी, शनिवार

तीन दिवस रोज दहा गाड्या कोरड्या आणि ओल्या तोलल्या. फरक सहा ते साडेसात किलोचा, सरासरी सात. दुरुस्तीचं पान तयार केलं आणि खाली कारण लिहिलं. चूक माझी आहे हेही लिहिलं.

निघताना बाबांनी हात धरला. म्हणाले, "राहू दे ना, पुष्कर."

"का राहू दे?"

"झालं ते झालं. जो आकडा गेला तो गेला. नवा बॉयलर आला तर सगळ्यांचं बरंच होईल. तू पण बटणं शिकशील."

"आणि तुम्ही गेटवर बसणार?"

"बसेन की."

मी हात सोडवून घेतला. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण मी त्यांना म्हटलं, "तुम्हांला स्वतःची किंमत नाही म्हणून शेठ फ्री में मिले म्हणतात."

साहेबांनी पान दोनदा वाचलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. ते म्हणाले, "ऐसी गलती सब करते हैं, लिख के कोई नहीं लाता." शेठना फोन केला. शेठ स्पीकरवर इतक्या जोरात बोलत होते की मलाही ऐकू आलं: "मतलब नया नहीं लेना पड़ेगा? वाह भिया! मारुतीजी को बोलो, अभी पाँच साल और फावड़ा चलाना है!"

मी पळत बॉयलरपाशी आलो आणि सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं झालं." मग विचारलं, "काचेत किती?"

३० जानेवारी, शुक्रवार

आज अक्षर नीट येत नाही.

शशिकलाबाई आज आल्या नव्हत्या. साडेदहाला साहेबांचा फोन आला म्हणून मी ऑफिसात गेलो. भोपाळला जागा निघणार आहे, तू अर्ज कर, असं ते सांगत होते. अर्धा तास गेला. परत आलो तर बाबा काचेसमोर अगदी नाक लावून उभे. मी पाहिलं. काच रिकामी होती. पाण्याची रेघ कुठेच नव्हती, खाली एक काळा डाग होता, तेवढाच.

मी ओरडलो, "बाबा, पाणी नाही!" आणि पंपाच्या बटणाकडे धावलो.

ते माझ्याहून मोठ्याने ओरडले, "पंपाला हात लावू नको! तापल्यावर गार पाणी गेलं तर फुटेल! बाहेर हो!"

मी बाहेर झालो नाही. त्यांनी भट्टीचं दार उघडलं, लांब सळी घेतली आणि सगळी आग बाहेर ओढून जमिनीवर काढली. एकट्याने. काढताना एकदाही चाचपडले नाहीत, जसं सगळं हाताला पाठ. लाल निखारे पायापर्यंत आले. मी त्यावर राख टाकली. मग त्यांनी हळूहळू वाफ सोडली आणि मागच्या भिंतीला टेकून खाली बसले.

भिंतीच्या पलीकडे आज बेबी नावाची नवी मुलगी कॅन धूत होती. तिला काही कळलंच नाही. ती आत डोकावून म्हणाली, "गरम पानी क्यों बंद कर दिया?"

मी बाबांना विचारलं, "तुम्हांला रेघ दिसली नाही?"

"डाग दिसला. मला वाटलं रेघ आहे."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिवाळीच्या आधीपासून कमी होतं. आता नाहीच."

बॉयलर साडेपाच तास बंद राहिला. तीन हजार लिटर दूध थांबून राहिलं, त्यातलं अकराशे नासलं. श्रीरामने नासलेले कॅन पाहिले, बाबांकडे पाहिलं आणि आज प्रथमच काही थट्टा केली नाही.

३१ जानेवारी, शनिवार

मोठ्या वहीत एक रकाना आहे: बॉयलर बंद असल्यास कारण.

सकाळी बाबा म्हणाले, "पंप बिघडला, असं लिही." मी तासभर पान उघडं ठेवून बसलो. पंप बिघडला असता तर दुरुस्तीवाला आला असता, त्याची नोंद असती, ती नाही. साहेब विचारतील. आणि त्यांनी नाही विचारलं तरी भिंतीपलीकडे रोज कुणीतरी कॅन धुतं. उद्या मी पुन्हा फोनवर असलो तर?

रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी लिहिलं: काचेतली पाण्याची पातळी अटेंडंटला दिसली नाही.

बाबांना वाचून दाखवलं. माझं त्यांना वाचून दाखवणं नेहमीचंच होतं. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे का?"

मी म्हटलं, "चांगलं आहे."

२ फेब्रुवारी, सोमवार

शेठनी वही वाचली. मला वाटलं होतं, बाबांना गेटवर बसवतील. मी स्वतः म्हटलं, "शेठजी, आपने गेट का बोला था."

शेठ चिडलेले नव्हते, तेच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "भिया, मैंने तो तब बोला था जब आँख का पता नहीं था. गेट पे गाड़ी का नंबर लिखना पड़ता है, चालान पढ़ना पड़ता है. जिसको काच नहीं दिखी, उसको नंबर क्या दिखेगा?" मग म्हणाले, "तूने वो पानी का हिसाब और ये काच वाली बात नहीं लिखी होती तो मैं पूछता भी नहीं. नया बॉयलर आ जाता, ये आराम से कुर्सी पे बैठ जाते, नंबर कोई भी लड़का लिख देता. अब कंपनी को पता है, मैं क्या करूँ?"

मी परत येऊन खाली बसलो. सतरा जानेवारीचं पान काढून वाचलं. गेट काही वाईट नाही, सावली आहे तिथे, हे डिसेंबरचंही वाचलं. तेव्हा मी हे स्वतःच्याच हाताने लिहिलं होतं आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

बाबांनी फावडं धुऊन भिंतीला लावलं, आपला पंचा घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेटपर्यंत आले. पुढे श्रीरामने टेम्पोत बसवलं, इंजिन चालूच होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मला वाटत होतं मोतीबिंदू असेल. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, आतली नस सुकली आहे. जे गेलं ते येणार नाही. आहे तेवढं टिकवायला थेंब दिले, दिवसातून दोनदा.

आई रिक्षात रडली. बाबा विचारत होते, "हे अन्नपूर्णेचं देऊळ का?" मी म्हटलं, "नाही, ते मागे राहिलं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेल्या आठवड्यात नवा अटेंडंट आला. देवेंद्र नाव, सव्वीस वर्षांचा, सर्टिफिकेट आहे, डोळे उत्तम. माझ्याशी चांगला वागतो. मी त्याला सांगितलं की तोलून झाल्यावर कोळशावर पाणी मारायचं. तो म्हणाला, "क्यों, आग बुझाने के लिए?" एक दिवस मारलं, मग सोडून दिलं. भट्टीचं दार उघडं ठेवून मोबाईलवर बोलतो. पुढचं दूध यायला दोन तास असले की बाबा आग राखेखाली दाबून ठेवायचे. हा पूर्ण जळू देतो आणि पुन्हा नव्याने पेटवतो.

शेठना सांगावं का? माझ्या सांगण्याने कुणाचं भलं झालेलं मला आठवत नाही. मी फक्त तोलतो. कोरडा तोलतो.

भोपाळचा अर्ज भरला नाही. थेंब कोण घालणार? आईचा हात कापतो.

१ मार्च, सोमवार

गेल्या आठवड्याची सरासरी एकोणपन्नास. माझा विश्वास बसेना, काटा दोन वेगळ्या वजनांनी तपासला. तेच दूध, तोच बॉयलर, तोच ढीग.

साहेब म्हणाले, "इतना फर्क? मशीन तो वही है." मी त्यांना सांगितलं की माणूस तो नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यासाठी वहीत रकाना नाही.

घरी बाबा काही विचारत नाहीत. सकाळी पाचला उठतात, आंघोळ करून खाटेवर बसतात. आई म्हणते झोपा, तर म्हणतात झोप झाली. एक पोळी खातात, दुसरी वाढली तर ताटाबाहेर ठेवतात. माझ्याशी चांगलं बोलतात, इतकं चांगलं की त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

२३ मार्च, मंगळवार

कंपनीने आता फेब्रुवारी-मार्चचेच आकडे धरायचं ठरवलं. जुन्या पानांवर दुरुस्ती आहे, म्हणून त्यांचा भरवसा नाही, असं कळवलं. म्हणजे माझी अडीच महिन्यांची पानं गेली आणि बाबांचे चव्वेचाळीसही त्यांच्याबरोबर गेले.

मार्चमध्ये कोळसा आणखी वाढला होता, आज पक्का आकडा निघाला: हजार लिटरमागे त्रेपन्न. शेठनी कपाळाला हात लावला. मेपर्यंत डिझेलचा बॉयलर येणार, हा भंगारात जाणार. देवेंद्रला दुसरीकडे नोकरी मिळते आहे, त्याला काही नाही. माझं काम एकतीसला संपतं.

घरी येताना ठरवत होतो की बाबांना सांगायचं नाही. त्यांनी तो बॉयलर मिलमधून इथपर्यंत सांभाळला. पण जेवायला बसल्यावर त्यांनी सात आठवड्यांत पहिल्यांदा विचारलं, "आज किती लागला?"

मला खोटं सुचलं नाही. "त्रेपन्न."

"कोरडा तोललास?"

"कोरडा."

"कितीचं दूध?"

"बारा हजार दोनशे."

त्यांनी घास खाली ठेवला. ओठ हलत होते, ते मनात हिशेब करत होते. मग म्हणाले, "माझ्याहून हजारामागे नऊ किलो जास्त. दार उघडं ठेवत असेल."

"हो. आणि आग दाबत नाही."

"दाबत नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे उठून पुन्हा पेटवतो?"

"रोज दोनदा."

मी हळूच सांगितलं की यामुळे बॉयलर आता काढणार, मेमध्ये भंगारवाला येईल. ते ऐकतील आणि ताट सरकवतील असं वाटलं होतं. ते थोडा वेळ ताटावर हात फिरवत राहिले, भाजी कुठे आहे ते पाहत. मग आईला म्हणाले, "अगं, अजून एक वाढ. त्यावर तूप घाल."

त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या. एवढी वाईट बातमी ऐकून माणसाला भूक कशी लागली ते मला कळलं नाही. आईला विचारलं तर तिलाही सांगता आलं नाही.